दोन बाटल्या

मी गेली 19 वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नात्यात कुणाला हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, “म्हणजे रक्त-लघवी तपासतेस ना?” बहुतेक वेळा मी हो म्हणून मोकळी होते. खरं उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि शादीच्या जेवणात कुणाला ते ऐकायचंही नसतं. पण गेल्या वर्षी आमच्याच नात्यातल्या एका मुलीच्या आजारपणात असं काही घडलं की हे उत्तर एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. हा प्रसंग तुमच्या-माझ्या कुणाच्याही घरात येऊ शकतो.

आमचं काम असं. ऑपरेशनमध्ये किंवा बायोप्सीत शरीरातून काढलेला तुकडा आमच्याकडे येतो. लॅबच्या भाषेत त्याला ‘पीस’ म्हणतात. पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर तो बघतात, मोजतात, कापतात आणि त्यातले महत्त्वाचे काप निवडतात. ते काप रात्रभर मशीनमध्ये अल्कोहोल, झायलीन आणि वितळलेल्या मेणातून जातात. सकाळी त्यांचे मेणाचे छोटे ठोकळे होतात, त्यांना आम्ही ब्लॉक म्हणतो. मग मी मायक्रोटोमवर त्या ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढते. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस पापुद्रे सहज मावतील. ते काचेवर घेऊन रंगवायचे. स्लाइड मायक्रोस्कोपखाली जाते आणि डॉक्टर सांगतात, गाठ साधी आहे, टीबीची आहे की कॅन्सरची.

पण या सगळ्याच्या आधी, तुकडा लॅबच्या दारात येण्याच्याही आधी, एक निर्णय होऊन गेलेला असतो. तो तुकडा कशात बुडवला? आज मला त्याबद्दलच सांगायचं आहे.

शरीरातून सुटलेला तुकडा फार वेळ तसाच राहत नाही. रक्त बंद झालं की पेशींच्या आतले पाचक रस पेशींनाच गिळायला लागतात. बाहेरून जंतू येतात ते वेगळेच. उन्हाळ्यात काही तास उघडा राहिलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली नुसता धुरकट गुलाबी दिसतो, पेशींच्या कडाही कळत नाहीत. हे सडणं थांबवून पेशींना जिथल्या तिथे, शक्य तितकं जिवंतपणी होत्या तसं धरून ठेवणाऱ्या रसायनाला फिक्सेटिव्ह म्हणतात. जगभरात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं फिक्सेटिव्ह म्हणजे फॉर्मलीन.

फॉर्मलीनचा वास आमच्या लोकांना नवा नाही. 2018 च्या पावसाळ्यात गोव्यात मासळीत फॉर्मलीन असल्याची बोंब झाली आणि बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी आली, तेव्हा कोकणातल्या प्रत्येक बाजारात बायका मासा नाकाशी धरून बघत होत्या. त्याहून जुनी ओळख दुःखाची आहे. गल्फमध्ये नोकरीला गेलेला माणूस तिकडेच वारला तर मय्यत विमानाने आणण्यापूर्वी तिला हेच रसायन देतात. मुंबईहून रात्रभर ॲम्ब्युलन्सने आलेली ती पेटी गावात उघडली की डोळ्यांत जो झोंबरा वास शिरतो, तो फॉर्मलीनचा. ज्यांनी अशा मय्यतीला गुसल दिलंय त्यांना तो सांगावा लागत नाही.

लॅबमध्ये हे रसायन आलं ते योगायोगाने. जर्मनीतल्या फ्रँकफर्टचे डॉक्टर फर्डिनांड ब्लूम फॉर्मल्डिहाइड हे जंतुनाशक म्हणून कसं आहे ते तपासत होते. काम करता करता त्यांच्या बोटांची कातडी कडक झाली. अल्कोहोलमध्ये ठेवलेले अवयव असेच कडक होतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तुकडे त्यात घालून पाहिले आणि 1893 मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्याआधी डॉक्टर लोक अल्कोहोल किंवा क्रोमियमची द्रावणं वापरत, आणि त्यांतल्या काहींना तुकडा तयार व्हायला कित्येक आठवडे लागत. फॉर्मलीनने हे काम एका दिवसावर आणलं. ब्लूम जंतुनाशक म्हणून 4 टक्क्यांचं द्रावण वापरत होते आणि आजही आम्ही साधारण तेवढंच वापरतो. बाजारातल्या फॉर्मलीनमध्ये 37 ते 40 टक्के फॉर्मल्डिहाइड असतं. त्याचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग मिळून जे होतं त्याला ‘10 टक्के फॉर्मलीन’ म्हणतात. नावात 10 असले तरी आत 4 च टक्के असतं.

त्यातही नुसतं नळाचं पाणी ओतून भागत नाही. फॉर्मलीन ठेवून ठेवून त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं, आणि ते रक्ताशी मिळून स्लाइडवर तपकिरी-काळे कण सोडतं. नवखा माणूस त्याला आजार समजू शकतो. म्हणून लिटरमागे फॉस्फेटचे दोन क्षार, एक 4 ग्रॅम आणि दुसरा साडेसहा ग्रॅम, घालून द्रावण आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असं ठेवतात. हेच न्यूट्रल बफर्ड फॉर्मलीन. दोन पुड्यांचा खर्च किरकोळ आहे, तरी अजून कितीतरी ठिकाणी तो टाळला जातो.

फॉर्मलीन करतं काय, तर प्रथिनांच्या धाग्यांमध्ये छोटे छोटे पूल बांधतं. सगळं जाळं जागच्या जागी आवळून बसतं. पेशीचा आकार टिकतो, रंग चांगला घेते, ब्लॉक पुढे कित्येक वर्षं राहतो. पण हे पूल फुकट मिळत नाहीत. त्यांच्याखाली प्रथिनांचे काही चेहरे झाकले जातात. कॅन्सरचा प्रकार ओळखायला आम्ही जी अँटिबॉडी वापरतो तिला ते चेहरे दिसत नाहीत. 1991 मध्ये एक सोपा उपाय सापडला, स्लाइड द्रावणात उकळायची. उष्णतेने त्या पुलांची पकड सुटते. आमच्या लॅबमध्ये त्यासाठी कुठलंही भारी यंत्र नाही, बाजारातला प्रेशर कुकर आहे. शिट्ट्या मोजायचं काम माझं.

इथे मला घरचं उदाहरण द्यावंसं वाटतं. माझं माहेर खाडीकाठचं. पावसाळ्याच्या बेगमीसाठी अम्मी कोळंबी सोलून, उकडून, वाळवून सोडे करायची. बांगडे काही खारवायची, काही नुसते सुकवायची. बाजारातून टोपली आली की ती आधी विचार करायची, यातलं काय कशासाठी लागणार आहे. सोड्यांची खिचडी उत्तम होते. पण वाळवलेल्या सोड्यांपासून ओल्या कोळंबीचा रस्सा काही केल्या होत नाही. टिकवण्याची पद्धत निवडली की पुढे त्यातून काय शिजेल हेही ठरून जातं. तुकड्यांचंही नेमकं तेच आहे. फॉर्मलीनमध्ये गेलेला तुकडा पुन्हा ताजा होत नाही.

म्हणून प्रत्येक तुकड्याला फॉर्मलीन चालत नाही. किडनीच्या बायोप्सीचा धागा शेवईएवढा, पण त्याचे तीन वाटे करावे लागतात. एक फॉर्मलीनमध्ये, नेहमीच्या तपासणीसाठी. दुसरा मिशेल्स मीडियम नावाच्या द्रावणात, कारण चमकणाऱ्या अँटिबॉडीने जी तपासणी करतात ती फॉर्मलीन लागल्यावर बिघडते. तिसरा ग्लुटारल्डिहाइडमध्ये, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी. अंगावर फोड येणाऱ्या काही आजारांत कातडीचेही असेच दोन तुकडे घेऊन दोन बाटल्यांत पाठवावे लागतात.

गाउटची गाठ असेल तर उलटंच. सांध्यात साठलेले युरिक ॲसिडचे खडे पाण्यात विरघळतात आणि फॉर्मलीनमध्ये नव्वद टक्के पाणीच असतं. आजाराचा पुरावा बाटलीतच विरघळून जातो. तिथे निव्वळ अल्कोहोल लागतं. मूल होत नसलेल्या पुरुषाच्या वृषणाची बायोप्सी फॉर्मलीनमध्ये आकसते आणि पेशींचे टप्पे नीट वाचता येत नाहीत. त्यासाठी पोल बूँ या फ्रेंच शास्त्रज्ञाचं 1897 चं पिवळं द्रावण वापरतात, आम्ही त्याला बुइन्स म्हणतो. त्यात पिक्रिक ॲसिड असतं, आणि ते कोरडं पडलं तर स्फोटक होतं, त्यामुळे ती बरणी जपावी लागते. शिवाय बुइन्समधल्या तुकड्यातून पुढे डीएनएची तपासणी करायची म्हटलं तर हाती फारसं लागत नाही. पाऱ्याची काही द्रावणंही होती. पेशींची केंद्रकं त्यात फार सुरेख दिसत असं जुने लोक अजून सांगतात. पण पारा बेसिनमधून शेवटी जातो कुठे? म्हणून ती बंद पडली.

सुईने गाठीतून ओढलेलं पाणी काचेवर पसरतात, तिथे आणखी निराळा नियम. एक काच लगेच, ओली असतानाच, अल्कोहोलमध्ये बुडवायची आणि दुसरी हवेत वाळवायची. दोन्हींना वेगळे रंग देतात आणि दोन्हींवर वेगळ्या गोष्टी दिसतात. हवेत वाळवलेली काच फॉर्मलीनच्या उघड्या बाटलीसोबत एकाच डब्यात पाठवली, तर नुसत्या वाफेनेही ती खराब होते. असे डबे आमच्याकडे दर आठवड्याला येतात.

मी शिकाऊ होते तेव्हा माझे सीनियर एक वाक्य सारखं म्हणायचे, “आधी विचारायचं, मग बुडवायचं.” म्हणजे या तुकड्याला आपण कोणता प्रश्न विचारणार आहोत ते आधी ठरवायचं. अडचण अशी की ज्याच्या हातून तुकडा बुडवला जातो, त्याला हे कधी कुणी सांगितलेलंच नसतं.

आता त्या मुलीबद्दल. माझ्या नवऱ्याच्या चुलत बहिणीची मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. मानेवर गाठ आली. घरच्यांनी आधी वाट पाहिली, मग तालुक्याच्या गावी एका नर्सिंग होममध्ये दाखवलं. तिथे गाठ काढली आणि अख्खी फॉर्मलीनमध्ये टाकून जवळच्या लॅबकडे पाठवली. रिपोर्ट आला, टीबीची असावी अशी सूज. आपल्याकडे मानेतली गाठ म्हटलं की टीबीची शंका घेणं बरोबरच आहे. औषधं सुरू झाली. वजन वाढलं, ताप गेला, सगळे खूश.

चौथ्या महिन्यात त्याच बाजूला दुसरी गाठ आली. डॉक्टरांनी घरच्यांना समजावलं की याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, औषधं नीट चालली आहेत आणि शरीराच्या प्रतिकारामुळे गाठ सुजली आहे. असं होतं, आणि मग तीच औषधं चालू ठेवायची असतात. दुसरा, जंतू या औषधांना दाद देत नाही, म्हणजे औषधं बदलायला हवीत. दोन्ही अर्थ एकमेकांच्या विरुद्ध, आणि बाहेरून गाठ दिसते मात्र सारखीच.

आपाचा मला फोन आला. “तू तर लॅबमध्ये आहेस. ती पहिली गाठ अजून त्यांच्याकडे आहे म्हणतात. तिच्यातून कळणार नाही का?”

मला जे सांगावं लागलं ते तिला ऐकवत नव्हतं. कोणतं औषध चालेल हे बघायला टीबीचा जंतू जिवंत लागतो. तो प्रयोगशाळेत वाढवतात आणि त्याच्यावर औषधं घालून बघतात. फॉर्मलीन सगळ्यात आधी जंतूच मारतं, त्यासाठीच तर ब्लूम ते तपासत होते. सरकारी दवाखान्यात मोफत होणारी सीबीनॅट तपासणी काही तासांत रिफाम्पिसिनला जंतू दाद देतो की नाही ते सांगते, पण तिलाही ताजा तुकडा हवा. मेणाच्या ब्लॉकमधून जंतूचा डीएनए शोधता येतो, पण फॉर्मलीनने तो तुटलेला असतो, आणि मिळालं नाही तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा धरता येत नाही. थोडक्यात, पहिल्या गाठीत आकार शिल्लक होता, पण जंतू बोलायला शिल्लक नव्हता.

म्हणून त्या मुलीला पुन्हा भूल घ्यावी लागली, मानेवर दुसरा टाका आला. या वेळी मी जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जनना आधी भेटले. दोन बाटल्या घेऊन गेले होते. एकीत फॉर्मलीन, दुसरीत निर्जंतुक नॉर्मल सलाइन. गाठीचे थिएटरमध्येच दोन भाग केले. सलाइनची बाटली बर्फावर ठेवून त्याच दुपारी टीबीच्या लॅबला पोहोचवली. रिपोर्टमध्ये जंतू होता आणि तो रिफाम्पिसिनला दाद देत नव्हता. औषधं बदलली. आता ती बरी आहे, गाठ बसत आली आहे, परीक्षाही दिली.

ती एकदा मला म्हणाली, “मामी, पहिल्याच वेळी दोन बाटल्या केल्या असत्या तर चार महिने वाचले असते ना?” मी म्हटलं, हो. दुसरं उत्तर नव्हतंच. त्या चार महिन्यांत ती जी औषधं घेत होती त्यांतलं मुख्य औषध तिच्यावर चालतच नव्हतं. सलाइनची बाटली प्रत्येक थिएटरमध्ये टांगलेली असते. पैशांचा प्रश्न नव्हता, ती तिथे हाताशीच होती. गाठ बाहेर यायच्या आधी कुणी प्रश्न विचारला नाही, एवढंच.

स्तनाच्या गाठीचं दुखणं वेगळं. तिथे फॉर्मलीनच हवं असतं, पण वेळेवर आणि पुरेसं. कॅन्सरच्या पेशींवर हार्मोनचे रिसेप्टर आहेत की नाहीत यावर ठरतं की त्या बाईला टॅमोक्सिफेनसारख्या गोळ्यांचा उपयोग होईल का. या गोळ्या स्वस्त आहेत, वर्षानुवर्षं घेता येतात. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी यासाठी नियम घालून दिलेत आणि आपल्याकडच्या चांगल्या लॅबही ते पाळतात. गाठ शरीराबाहेर आल्यापासून तासाभरात फॉर्मलीनमध्ये जावी, आणि त्यात कमीत कमी 6 तास, जास्तीत जास्त 72 तास राहावी. उशीर झाला तर रिसेप्टर नासतात, आणि असलेले रिसेप्टर ‘नाहीत’ असे दिसू शकतात.

फॉर्मलीन आत शिरतं तेही अगदी सावकाश. ढोबळ मानाने पहिल्या तासात एक मिलीमीटर, आणि पुढे वेग मंदावत जातो, दुप्पट खोल जायला चौपट वेळ लागतो. पीटर मेडावार यांनी हा हिशोब 1941 मध्येच मांडला होता. म्हणजे अख्खा काढलेला स्तन किंवा गर्भाशय तसाच बरणीत टाकला, तर बाहेरून घट्ट आणि आतून सडका अशी गत होते. त्याला पावाच्या लादीसारखे काप द्यावे लागतात, आणि तुकड्याच्या दहापट तरी फॉर्मलीन लागतं. आमच्याकडे काय येतं? सरबताच्या बाटलीत कोंबलेली गाठ. आत जाताना ती मऊ होती, आता कडक झालेली, तोंडातून बाहेर निघत नाही, बाटली फोडावी लागते. पॉलिथिनच्या पिशवीत, वर चमचाभर फॉर्मलीन शिंपडून आणलेला स्तन. एकदा एका बाईचा पीस शनिवारी दुपारी निघून सोमवारी आमच्याकडे पोहोचला, तोही नुसत्या पाण्यात. रिसेप्टर निगेटिव्ह दिसले. आमच्या मॅडमनी त्या रिपोर्टवर सही करण्याआधी चौकशी केली, तर ऑपरेशनपूर्वी सुईने काढलेली बारीक बायोप्सी दुसऱ्या लॅबमध्ये होती, आणि ती नीट फॉर्मलीनमध्ये गेली होती. तो ब्लॉक मागवून पुन्हा तपासणी केली. रिसेप्टर पॉझिटिव्ह आले. त्या बाईला गोळ्या मिळाल्या. तो छोटा ब्लॉक नसता तर मिळाल्या नसत्या.

आमच्या समाजातून आणखी एक प्रश्न नेहमी येतो. एका वयस्कर माणसाच्या टाचेवर काळी गाठ होती, गुडघ्याखाली पाय काढावा लागला. मुलगे लॅबमध्ये आले. मोठा संकोचत म्हणाला, “बाजी, पाय आज मगरिबच्या आधी दफन करायचा आहे. मिळेल का?” डॉक्टरांना गाठ किती खोल गेली आणि कापलेली कड स्वच्छ आहे का ते बघायचं होतं. अख्खा पाय फॉर्मलीनमध्ये घातला असता तर दोन दिवस हलवता आला नसता, आणि नंतर तो वास घेऊन घरी जावा लागला असता. पण अख्खा पाय बुडवायची गरजही नव्हती. मॅडमनी ताज्या पायावरूनच गाठ, कापलेल्या टोकाची कड आणि लागतील तेवढे काप घेतले, ते फॉर्मलीनमध्ये गेले. बाकीचा पाय लेखी अर्ज आणि सर्जनची परवानगी घेऊन कापडात बांधून दिला. त्या संध्याकाळी तो कब्रस्तानात पोहोचला आणि रिपोर्टही वेळेवर निघाला. हे शक्य झालं कारण मुलांनी ऑपरेशनच्या आधीच सांगून ठेवलं होतं. नाही सांगितलं तर काढलेले अवयव 2016 च्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीतून विल्हेवाटीला जातात, आणि मग शोधून काही मिळत नाही. मागणं चुकीचं नाही, फक्त ते वेळेत मागायला हवं.

कुणी म्हणेल, इतके प्रश्न असतील तर फॉर्मलीन सोडूनच का देत नाही? सोडायची कारणं आहेतही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलं. आम्ही ते रोज हाताळतो. नाकाला सवय होते, वास येईनासा होतो, म्हणून वास आला नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे असं नसतं. माझ्या दोन्ही बाळंतपणांआधी मला पीस कापायच्या टेबलावरून हलवून मायक्रोटोमवर बसवलं होतं. वाफ ओढून घेणारं हूड आमच्याकडे आहे. छोट्या लॅबमध्ये डोक्यावर पंखा असतो, आणि तो वाफ फक्त एका नाकातून दुसऱ्या नाकात नेतो.

अल्कोहोलवरची आणि इतर नवी द्रावणं आली आहेत, त्यांतली काही डीएनए जपायला जास्त चांगली आहेत. पण सव्वाशेहून जास्त वर्षं डॉक्टरांची नजर फॉर्मलीनमधल्या चित्रावर तयार झाली आहे. तुकडा किती आकसतो, रंग कसा चढतो, कुठे फट पडते, हे सगळं त्यांना फॉर्मलीनचंच पाठ आहे. अँटिबॉडीही त्यावरच पारखलेल्या आहेत. जुने ब्लॉक सगळे त्यातलेच. नवं द्रावण आणायचं तर हे सगळं पुन्हा पारखावं लागेल. त्यामुळे फॉर्मलीन अजून बरीच वर्षं आमच्या टेबलावर राहणार, आणि आम्ही हूड मागत राहणार.

आता तुमच्यासाठी. बऱ्याच गावांत बाटली लॅबपर्यंत नेण्याचं काम नातेवाइकाचंच असतं. म्हणून घरातल्या कुणाची गाठ काढायची असेल तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनना एवढंच विचारा, “डॉक्टर, टीबीची शंका आहे का? असेल तर थोडा तुकडा सलाइनमध्ये वेगळा द्याल का?” कोणताही चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही. बाटली रुंद तोंडाची आहे आणि तुकडा पूर्ण बुडाला आहे हे बघा. बाटलीवर, झाकणावर नव्हे, पेशंटचं नाव आणि तुकडा काढल्याची वेळ लिहून घ्या. शनिवारी ऑपरेशन असेल तर लॅब कधी उघडी आहे ते आधी विचारा. बाटली घरी नेऊन सोमवारची वाट बघू नका. ती फ्रिजरमध्ये तर कधीच ठेवू नका, बर्फाच्या सुया पेशी फोडतात. फॉर्मलीन संपलं म्हणून स्पिरिट किंवा पाणी ओतू नका, लॅबला फोन करा.

आणि ब्लॉक तुमच्या आजाराचा दस्तऐवज आहे हे लक्षात ठेवा. मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये दाखवायला जाताना लोक रिपोर्टची झेरॉक्स घेऊन जातात आणि ब्लॉक मागायचा विसरतात. तिथले डॉक्टर पहिल्यांदा स्लाइड आणि ब्लॉकच मागतात. अर्ज करा, लॅब देते. आगपेटीपेक्षा लहान असतो, पण तो उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.

हे वाचणाऱ्यांत छोट्या गावात काम करणारे डॉक्टर, सिस्टर, वॉर्डातले मामा-मावशी असतील, किंवा तुमच्या ओळखीत असतील. त्यांच्यापर्यंत हे जरूर पोहोचवा. थिएटरच्या कपाटात फॉर्मलीनच्या बाटलीशेजारी सलाइनची एक रिकामी, निर्जंतुक बाटली ठेवायला जागा लागते चार बोटं.